जुन्या गाडीचं इंजिन बघायचा क्रम: आधी थंड, मग गरम, मग रस्त्यावर

जुनी गाडी बघायला चला म्हणून पाव्हण्यांचे, मित्रांचे फोन येतात, मी जातो, अन् बहुतेक वेळा आम्ही पोचायच्या आधीच गाडी धुवून-पुसून गेटसमोर चालू करून ठेवलेली असते. मग आपले लोक काय करतात, सीटवर बसतात, एसी लावतात, टेप वाजवून बघतात, गावाबाहेर दोन किलोमीटर चक्कर मारतात, पिकअप चांगलाय म्हणतात अन् इसार देऊन मोकळे होतात. बोनेट उघडून नुसतं वाकून बघितलं म्हणजे इंजिन बघितलं असं होत नाही.

चूक सगळ्यांची एकच होते, क्रमाची. इंजिनाची निम्मी दुखणी ते थंडगार असताना दिसतात अन् उरलेली पूर्ण गरम झाल्यावर. गरम इंजिन दिवसभर बघायला मिळतं, थंड एकदाच मिळतं, सेल्फ मारला की पुढचे पाच-सहा तास ती वेळ गेली. मी २०१८ ला एक डिझेल गाडी एजंटकडून भर दुपारी घेतली, गरम इंजिनावर. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी स्टार्ट केली तर चार-पाच सेकंद चेनची खडखड अन् मागं निळ्या धुराचा लोट. दीड महिन्यात इंजिन खोलावं लागलं. तेव्हापासून खालचा क्रम मी सोडत नाही, समोरच्यानं कितीबी घाई केली तरी.

## आदल्या दिवशीची तयारी

पहिला फोन करतानाच सांगायचं, "उद्या सकाळी सातला येतो, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावू नका." एवढं एक वाक्य. सरळ माणूस लगेच हो म्हणतो. "आमच्या गाडीला काही प्रॉब्लेमच नाही, कवाबी या" असं कुणी म्हणलं तर परत एकदा तेच सांगा.

आरसीचा फोटो मागवून घ्या. त्यावर गाडीचं साल, इंधन, मालक कितवा अन् इंजिन नंबर बघायचा, एमपरिवहन ॲपवर ताळा करायचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली सर्व्हिस हिस्ट्री मालकालाच काढून द्यायला सांगा, त्यात तारीख अन् किलोमीटर दोन्ही असतात. मागच्या सर्व्हिसला ९८ हजार अन् आज मीटरवर ७२ हजार असं दिसलं तर पुढचं काहीच बघायची गरज नाही, पेट्रोल वाचवा.

आपण बघतोय त्या मॉडेलला टायमिंग चेन आहे का बेल्ट (पिस्टन अन् वाल्व्हची वेळ जुळवून ठेवतो तो), हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. स्विफ्ट-डिझायरच्या १.३ डिझेलला चेन आहे. डस्टरचं १.५ डिझेल, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल, पोलो डिझेल यांना बेल्ट आहे. बेल्ट ठराविक किलोमीटरला बदलावाच लागतो, अन् चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन वाल्व्हवर आदळून वाल्व्ह वाकतात, म्हणजे हेड (इंजिनाचा वाल्व्ह असलेला वरचा भाग) खोलणं आलंच. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं, तोंडी सांगण्याला काही किंमत नाही.

सोबत काय न्यायचं: चांगली बॅटरी (मोबाईलचा टॉर्च पुरत नाही), पांढरं कापड किंवा टिश्यू, एक मोठा पुठ्ठा, ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) अन् त्याचं ॲप टाकलेला मोबाईल. अन् सोबत एक माणूस. एकट्यानं हे होत नाही, एक जण ॲक्सिलेटरवर अन् एक जण सायलेन्सरमागं लागतोच.

मिस्त्री न्यायचा असेल तर त्याच मॉडेलवर रोज काम करणारा न्या, त्याची त्या दिवसाची मजुरी तुम्ही द्या. गाडी विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री घेऊ नका. "सौदा झाला तर बघू" या बोलीवर आलेल्या मिस्त्रीला सौदा व्हावा असंच वाटणार, त्यात त्याचा दोष नाही, पण तुमचं नुकसान आहे.

## टप्पा १: इंजिन खरंच थंड आहे का

बोनेटवर हात ठेवून बघतात सगळे. पण एप्रिल-मेमध्ये आपल्या मराठवाड्यात उन्हात लावलेल्या गाडीचं बोनेट आपोआपच तापतं, त्यावरून काही कळत नाही. म्हणून सकाळीच जायचं, अन् बोनेट उघडून इंजिनाकडून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाईपला हात लावायचा. तो थंड पाहिजे. सायलेन्सरच्या टोकाजवळ हात न्या, तिथंबी ऊब नको.

त्याहून पक्का उपाय ओबीडीचा. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास एक सॉकेट असतं, बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) अन् नंतरच्या गाड्यांत ते मिळतंच. डोंगल लावा, इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करा, ॲपवर कूलंटचं तापमान बघा. बाहेर २४ अंश असेल तर तिथं २४-२६ च्या आसपासच आकडा पाहिजे. ५५ दाखवलं तर गाडी तासा-दोन तासांपूर्वी चालू होऊन गेलेली आहे.

गरम निघाली तर: भांडायचं नाही, "उद्या परत येतो" म्हणायचं अन् निघायचं. लांबून आलोय, गाडीभाडं गेलं, आता बघूनच घेऊ, हा विचार लई महागात पडतो.

## टप्पा २: गाडी बंद असतानाच बघायचं

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे अन् यालाच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. किमान अर्धा तास द्या.

इंजिनाखालची जमीन. गाडी रोज जिथं उभी राहते तिथं फरशीवर, मातीवर डाग आहेत का बघा. मग पुठ्ठा इंजिनाखाली सरकवून ठेवा, शेवटी परत बघायचाय.

इंजिन धुतलंय का. बाकी सगळी गाडी आपल्या रस्त्यांच्या फुफाट्यानं माखलेली अन् इंजिन मात्र चकाचक, वरून पॉलिश मारलेलं, असं दिसलं तर ऑइल कुठून गळतंय ते पुसलेलं असू शकतं. धूळ बसलेलं पण कोरडं इंजिन मला जास्त आवडतं. धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल तिथं गळती आहे, वाल्व्ह कव्हरच्या कडा अन् खालचं ऑइल चेंबर नीट बघा.

ऑइलची पट्टी. बाहेर काढा, पांढऱ्या कापडानं पुसा, परत आत घाला, परत काढा. पहिल्यांदा काढून लगेच निष्कर्ष काढू नका. लेव्हल दोन खुणांच्या मधे पाहिजे.

- खालच्या खुणेच्या खाली: एकतर इंजिन ऑइल खातंय किंवा मालकानं बघितलंच नाही. दोन्ही वाईट.
- वरच्या खुणेच्या वर: बीएस ६ डिझेल असेल तर वास घ्या. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) गाडी आपोआप साफ करते, तेव्हा डिझेल ऑइलमधे उतरतं अन् ऑइल पातळ होतं.
- दुधाच्या चहासारखा रंग: कूलंट ऑइलमधे आलंय. हेड गॅस्केट (हेड अन् ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं असेल किंवा हेडला क्रॅक. तिथंच थांबा.
- कापडावर चमचम करणारे कण: बेअरिंग झिजतंय.

आता इथं एक गैरसमज काढून टाकू. डिझेल गाडीचं ऑइल काळं असतं, बदलल्यावर थोड्या दिवसांतच काळं होतं, तो दोष नाही. उलट डिझेल गाडीत सोन्यासारखं पिवळं ऑइल दिसलं तर ते काल-परवा बदललंय, कशाला बदललं ते विचारा. विकायच्या आधी घट्ट ऑइल टाकतात, ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५०, त्यानं आवाज अन् धूर दोन्ही काही दिवस दबतात. बिल मागा, बिलावर ग्रेड लिहिलेली असते.

ऑइल टाकायचं झाकण. उघडून आतली बाजू बघा. पातळ तपकिरी थर चालतो. डांबरासारखा जाड गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. पांढरट साय असेल तर ती लहान लहान चकरांमुळं वाफ धरून पण येते, विशेष करून पावसाळ्यात नाहीतर थंडीत, म्हणून एकट्या त्यावरून गाडी नाकारू नका, पट्टीवरचं ऑइल अन् कूलंट सोबत बघून ठरवा.

कूलंट. हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून थोडं जास्त लिहितो. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, रस्त्यात कुठंतरी पाणी कमी झालं की लोक बोअरचं पाणी ओततात, अन् आपलं बोअरचं पाणी क्षारानं जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अन् इंजिनाच्या आत बसतो, पाणी फिरणं कमी होतं, इंजिन तापतं, एकदा तापलं की हेड वाकतं अन् गॅस्केट जातं. गाडी बाहेरून नवी दिसत असली तरी हे आतून झालेलं असतं.

म्हणून बाटलीतलं कूलंट टॉर्च मारून बघा. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, कुठलाबी रंग चालेल पण स्वच्छ पाहिजे. साधं पाणी, गंजाचं तपकिरी पाणी किंवा वर तेलाचा तवंग असेल तर सावध व्हा. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते उघडून बोट आत घालून कडेला पांढरा, खरखरीत थर लागतो का बघा.

सावधान: रेडिएटरचं झाकण फक्त याच टप्प्यावर, थंड इंजिनावर उघडायचं. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. "मी उघडतो की" असं म्हणणाऱ्याला पण थांबवा.

एअर फिल्टर. चार क्लिप काढल्या की डबा उघडतो. फिल्टर मळका असणं ठीक आहे, बदलता येतो. पण फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाईपात बोट फिरवून बघा. तिथं माती लागली तर इंजिन धूळ खाऊन चाललंय अन् पिस्टन रिंगा घासल्यात. शेतात, खडी क्रशरवर, उसाच्या फडापर्यंत फिरलेल्या बोलेरो-पिकअपांत हे हमखास बघा.

फिल्टरच्या डब्याच्या तळाला वाळलेला गाळ किंवा पाण्याची रेघ दिसली तर गाडी पुरात गेलेली असू शकते. २०१९ अन् २०२१ ला कोल्हापूर-सांगलीकडं, अन् सप्टेंबर २०२५ ला आपल्याच बीड-धाराशिव पट्ट्यात पाणी शिरलं होतं, त्यातल्या गाड्या साफ करून बाजारात येतात. इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, गाडी चालते पण आवाज राहतो. शंका आली तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्टीवर गाळाचा डाग राहिलेला असतो.

इंजिन नंबर अन् बोल्ट. ब्लॉकवर कोरलेला नंबर आरसीशी जुळवा. नाही जुळला तर इंजिन बदललंय अन् आरटीओत नोंद नाही, सौदा तिथंच संपला. हेडच्या अन् वाल्व्ह कव्हरच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा, कडेनं बाहेर आलेला सिलिकॉन दिसला तर इंजिन खोललेलं आहे. खोललेलं म्हणजे वाईटच असं नाही, चांगल्या ठिकाणी काम करून बिल ठेवलेलं असेल तर ती गाडी मी घेईन. पण "इंजिनला हात लावलेला नाही" असं सांगितलं अन् खुणा दिसल्या तर खोटं पकडलं गेलं, पुढच्या गोष्टींवर तरी कसा विश्वास ठेवणार.

## टप्पा ३: पहिला स्टार्ट

तुमचा माणूस सायलेन्सरमागं जरा बाजूला उभा करा, मोबाईलवर व्हिडिओ चालू. बोनेट उघडं. स्टार्ट मालकाला मारू द्या, तुम्ही इंजिनाजवळ थांबा.

आधी नुसती चावी ऑन. चेक इंजिनचा पिवळा दिवा अन् ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय, दिवा विझलेला दिसावा म्हणून हे करतात. इंजिन चालू झाल्यावर दोन्ही विझले पाहिजेत, ऑइलचा दिवा तर दोन-तीन सेकंदांत.

डिझेलला ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा. एका-दोन सेकंदांत उचलली पाहिजे. ॲक्सिलेटर दाबून चालू करत असेल तर थांबवा, पाय न लावता चालू झाली पाहिजे.

धूर असा वाचायचा:

- निळा: ऑइल जळतंय. स्टार्टला एकच भपका अन् मग बंद, तर वाल्व्ह सील. सतत येत राहिला तर रिंगा किंवा टर्बो, खर्च मोठा.
- काळा: डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. नोजल (डिझेलचा फवारा मारणारे), एअर फिल्टर, टर्बोची गळती.
- पांढरा: थंडीत सकाळी पातळ वाफ निघते अन् मिनिटा-दोन मिनिटांत जाते, ती नॉर्मल. दाट, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावर पण चालूच, तर कूलंट जळतंय. कच्च्या डिझेलचा वास असेल तर ग्लो प्लग, नोजल किंवा कॉम्प्रेशन कमी.

आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. पहिल्या एक-दोन सेकंदांचा हलका टकटकाट ऑइल वर चढेपर्यंत चालतो. चेनची खडखड तीन सेकंदांच्या पुढं राहिली तर चेन किंवा टेन्शनर. खालून, खोलातून येणारा ठक-ठक आवाज, जो रेस दिली की वाढतो, तो बेअरिंगचा, अन् त्यावर घासाघीस करायची नाही, ती गाडी सोडायची.

लगेच हे करा: स्टार्टनंतर एका मिनिटात रेडिएटरचा वरचा पाईप दाबा. इंजिन अजून थंडच आहे तरी पाईप दगडासारखा टणक झाला असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय, म्हणजे हेड गॅस्केट. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, अन् ती थंड स्टार्टलाच होते.

## टप्पा ४: गरम होईपर्यंत उभ्या गाडीवर

एसी बंद, गाडी न्यूट्रलला, १५-२० मिनिटं. आता गप्पा मारत चहाला जाऊ नका. मालक आग्रह करतोच, नंतर घेऊ म्हणा.

कूलंटच्या बाटलीत बुडबुडे बघा. सुरुवातीला एखाद-दोन आले तर ठीक, पण पाच-दहा मिनिटांनंतर पण एकसारखे येत असतील तर गॅस्केट.

मग फॅन. हा आपल्याकडचा मोठा घोटाळा आहे. गाडी तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं पाणी जाऊ न देणारा वाल्व्ह) काढून टाकतात अन् फॅन डायरेक्ट जोडतात, म्हणजे इंजिन चालू झालं की फॅन चालू. मूळ दुखणं तसंच राहतं. चांगल्या गाडीत एसी बंद असताना फॅन थंड इंजिनावर फिरत नाही, पाणी साधारण ९५ ते १०० अंशाला गेलं की चालू होतो, थोडं उतरलं की बंद होतो. तो चालू-बंद होताना दोनदा बघा. काटा अर्ध्याच्या जवळ येऊन स्थिर राहिला पाहिजे. वीस मिनिटं झाली तरी ६०-६५ च्या वर जातच नाही, तर थर्मोस्टॅट काढलेला असू शकतो. जुन्या बोलेरोसारख्या काही गाड्यांना बेल्टवर फिरणारा फॅन असतो, तिथं फॅनची ही तपासणी लागू नाही, तापमान मात्र बघायचंच.

गरम झाल्यावर पेट्रोल गाडी साधारण ७००-८५० आरपीएमला अन् डिझेल ७५०-९०० ला एकसारखी चालली पाहिजे. काटा वर-खाली नाचत असेल, सीट थरथरत असेल, तर मिसिंग आहे. एसी लावा, आरपीएम क्षणभर हलून परत सावरलं पाहिजे.

आता बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन रिंगांवरून निसटून खाली येणारा गॅस. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण फिरवून सैल करा अन् तिथंच उलटं ठेवा. डिझेलला थोडा वारा येतोच, झाकण जरा थरथरतं, तेवढं चालतं. झाकण उडून पडलं, ठोक्याठोक्यानं धूर बाहेर यायला लागला, तर रिंगा संपल्यात. पेट्रोल गाडीत झाकण काढल्यावर आरपीएम हललं तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तिथून हवा ओढली जाते म्हणून तसं होतं.

## टप्पा ५: ओबीडीवर दोनच गोष्टी बघा

लोक डोंगल लावतात, "नो फॉल्ट" दिसलं की खूश होतात. चूक इथंच होते. फॉल्ट कोड एका बटणात पुसता येतात, तुम्ही यायच्या अर्धा तास आधी पुसले तर तुम्हाला काहीच दिसणार नाही.

म्हणून एक, रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी. सगळे किंवा बहुतेक "इनकम्प्लीट" असतील तर कोड नुकतेच पुसलेत नाहीतर बॅटरीची वायर काढली होती. दोन, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा बऱ्याच ॲपमधे दिसतो. तो ६ किलोमीटर निघाला तर मालकाला तोंडावर विचारा. १०० किलोमीटर चालवून परत दाखवा म्हणा.

## टप्पा ६: रस्त्यावर

इन्शुरन्स चालू आहे का बघूनच स्टिअरिंग हातात घ्या, मालक शेजारी. टेप बंद, काचा खाली. किमान २० किलोमीटर.

चढ पाहिजेच. सपाट रस्त्यावर मेलेलं इंजिन पण ८० नं पळतं. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट आहे, धारूरचा आहे, संभाजीनगरकडून कन्नडचा घाट आहे. परभणीकडं सगळं सपाट, तिथं गाडीत पाच जण बसवा अन् उड्डाणपूल शोधा. तिसऱ्या गिअरला, कमी वेगावर, ॲक्सिलेटर हळूहळू पूर्ण दाबा. एकसारखी ओढली पाहिजे. मधेच धक्के, खड्याच्या डब्यासारखा खणखणाट, मागं काळ्या धुराची रांग, टर्बो लागायच्या जागी काहीच न होणं किंवा सायरनसारखी शिट्टी, हे सगळं लिहून ठेवा.

उतारावर उलटं करायचं. गिअरमधेच ठेवून ॲक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढा, वीस-तीस सेकंद तसंच उतरा, मग एकदम ॲक्सिलेटर द्या अन् आरशात बघा. त्या क्षणी निळा भपका आला तर वाल्व्ह गाईड-सील गेलेत. तुमचा माणूस मोटरसायकलवर मागं असला तर आणखी चांगलं, त्याला तुमच्यापेक्षा नीट दिसतं.

मग हायवेला १५ मिनिटं ८०-९० नं, एसी चालू. तापमानाचा काटा हलता कामा नये. चढाला वर गेला अन् उतारावर खाली आला तर रेडिएटर अर्धा बंद झालाय, वर बोअरच्या पाण्याचं लिहिलंय तेच.

कमी किलोमीटर बघून भुलू नका, हे इथंच सांगतो. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमधे ४० हजार फिरलेली गाडी अन् नांदेड-पुणे हायवेला ९० हजार फिरलेली गाडी, यात मला दुसरीचं इंजिन बऱ्याचदा चांगलं सापडलंय, कारण सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन चालूच असतं, मीटर मात्र पुढं जात नाही.

## टप्पा ७: गरम गाडी बंद करून परत चालू

हायवेवरून आल्यावर एक-दोन मिनिटं न्यूट्रलला चालू राहू द्या, टर्बो असेल तर विशेष. याच वेळी ऑइलचा लाल दिवा बघा. गरम इंजिनावर, कमी आरपीएमला तो जरी एकदा लुकलुकला तरी ऑइल प्रेशर पडतंय, पंप किंवा बेअरिंग. थंड असताना हा दोष दिसतच नाही.

बंद करा, दहा मिनिटं थांबा, आता तो चहा घ्या. मग परत सेल्फ मारा. थंड असताना एका झटक्यात उचललेली डिझेल गाडी गरम असताना पाच-सहा सेकंद सेल्फ खात असेल तर नोजल मागं डिझेल सोडतायत किंवा हाय प्रेशर पंप थकलाय, गरम डिझेल पातळ होतं म्हणून ते आत्ताच कळतं. चार नोजल अन् पंपाचा खर्च लई मोठा असतो.

आता सुरुवातीचा तो पुठ्ठा आठवतोय? गाडी परत त्याच्यावर उभी करा अन् पंधरा मिनिटांनी थेंब बघा. एसीचं स्वच्छ पाणी पडतंच, तो दोष नाही.

इंजिन गरम आहे तोवर जवळच्या सेंटरवर नवीन पीयूसी काढा, नळी सायलेन्सरमधे घातलेली स्वतः बघा. पास झाली एवढ्यावर थांबू नका, आकडा वाचा. बीएस ४ पेट्रोलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के अन् हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, बीएस ४ डिझेलला ५० एचएसयू (धुराची दाटी मोजायचं माप), त्याआधीच्या डिझेलला ६५. मर्यादेला टेकून पास झालेली गाडी लवकरच काम काढणार.

## गाडी सीएनजीवर असेल तर

सगळ्या तपासण्या दोनदा, एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर. बरेच जण वर्षानुवर्षं गॅसवरच चालवतात, पेट्रोलचा पंप अन् इंजेक्टर जाम झालेले असतात, अन् थंड स्टार्ट तर बहुतेक गाड्यांत पेट्रोलवरच होतो. प्लग काढून बघा, गॅसवर ते लवकर संपतात. पेट्रोल असो का गॅस, मिस्त्री सोबत असेल तर प्लग काढलेच आहेत तेवढ्यात कॉम्प्रेशन गेज लावून घ्या, सिलिंडरा-सिलिंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर नोंद अन् टाकीच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं टाकी तपासण्याची) तारीख बघा, ती तीन वर्षांनी करावी लागते.

## इसार द्यायच्या आधी

सापडलेल्या गोष्टी तीन ढिगांत लिहा. पहिला ढीग, गाडी सोडायची: दुधाळ ऑइल, बेअरिंगचा आवाज, हेड गॅस्केट, न जुळणारा इंजिन नंबर, पूर. दुसरा ढीग, किंमत कमी करायची: टायमिंग बेल्ट, वाल्व्ह सील, रेडिएटर, नोजल, थोडी गळती. यातल्या प्रत्येकाचा खर्च मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या अन् तेवढे पैसे किमतीतून मागा, अंदाजानं "दहा हजार कमी करा" म्हणू नका, कारण समोरचा पण अंदाजानंच पाच हजारावर आणतो. तिसरा ढीग म्हणजे बेल्टची किरकोळ चूंचूं, मळका फिल्टर, ते सोडून द्या.

इसाराच्या चिठ्ठीवर गाडी नंबर, मीटरचं किलोमीटर, तारीख, अन् सांगितलेल्या दुरुस्त्या कोण करणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. गाडी ताब्यात घेताना परत एकदा सकाळीच जा अन् थंड स्टार्टचा पहिला व्हिडिओ शेजारी लावून आवाज ताडून बघा. घरी आणल्यावर त्याच आठवड्यात ऑइल, तिन्ही फिल्टर (ऑइल, एअर, इंधन) अन् कूलंट बदला, कूलंटमधे मिसळायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. डिकीत एक-दोन लिटर तयार कूलंट ठेवून द्या, म्हणजे रस्त्यात बोअर शोधावा लागणार नाही.